मागच्या खोलीतली चूल

पुरानी बस्ती, रायपुर
४ एप्रिल २०२४

तीर्थरूप विनोदिनीताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि वर तूच मला ओरडतेस, म्हणून लिहायला बसलो. आम्ही मजेत. ऊन मात्र आत्तापासूनच डोकं फिरवून राहिलं आहे.

बातमी अशी, की निगमकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, पैसा नाही. घरपट्टीला वरून मर्यादा घातलेली, आणि निवडणूक जवळ असताना त्या मर्यादेपर्यंत जायचीही कोणाची छाती नाही. पण पाणी तर द्यायचं, कचराही उचलायचा. मग तोड काढली. घरपट्टी तीच, पाणी-कचऱ्याचं शुल्क मात्र दर चुलीमागे. बंगल्याची एक चूल असो की एका खोलीतली, शुल्क सारखंच.

परवा मोजणीवाला आला. यशवंतदादा गेल्यापासून वहिनी मागच्या खोलीत राहतात ना, तिथला गॅस पाहून तो दोन चुली लिहायला निघाला. मी म्हटलं, की भैया, तो आंघोळीच्या पाण्यासाठी आहे, जेवण आमचं एकत्रच. वहिनी दारातच होत्या, ऐकून आत वळल्या. समजूतदार आहेत. दुसऱ्या बिलातून वाचलो.

राधिकानं पंडरीच्या कापडबाजारातून तुझ्यासाठी साडी आणली आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
निरंजन


अमरावती
१२ एप्रिल

चि. निरंजनास,
अनेक आशीर्वाद.

साडीचा रंग आधी कळव. तुझ्या बायकोनं मागच्या वेळी दिलेली मी खिडकीला लावली आहे.

आता मुद्द्याचं. दादाच्या तेराव्याची भांडी वाळली नव्हती, तोच वहिनीची चूल मागच्या खोलीत कोणी नेली? त्यांच्या हातचं तिखट राधिकाला सोसत नाही, असं तूच लिहिलं होतंस. माणूस वेगळं काढताना दोन चुली, आणि बिल आलं की एक! नवा रायपुरच्या मोठ्या ऑफिसात हेच शिकलास का रे पोट्ट्या?

खोटं बोलून बसलास, आता निदान ते खरं करून टाक. वहिनीला रोज आपल्या पंगतीला बोलाव. एका ताटानं तुझं काही बुडत नाही.

रागावलास तरी पत्र लिही.

तुझी
विनोदिनीताई


रायपुर
२८ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र राधिकाला वाचून दाखवलं, अर्थात मधल्या ओळी गाळून. आणि तुझं ऐकलंसुद्धा. मागच्या रविवारी वहिनींना जेवायला बोलावलं. राधिकानं पुरणपोळी केली होती. झालं समाधान?

एक अडचण मात्र झाली आहे. एका चुलीला एकच नळ, म्हणून निगमच्या माणसांनी मागचा नळ बंद केला. आता आमचं भरून झालं की वहिनी आमच्या नळावर भरतात. पाणी तासभरच येतं, पण एकट्या बाईला लागून लागून किती लागणार? दुसरा नळ हवा तर चूल वेगळी असल्याचं लिहून द्यावं लागतं. आणि तसं एकदा लिहिलं, की उद्या वहिनींना मागच्या खोलीवर हक्क सांगायला वाट मोकळी. तू शहाणी आहेस, समजून घे.

राग असेल तर येऊन काढ, पण येत जा.

निरंजन


रायपुर
१६ मे

प्रिय विनोदिनीताई,
स. न. वि. वि.

मले पंगतीला बोलवा असं तुम्ही लिहिलं होतं म्हणे. भाऊजीच बोलले. तुमचं मन मले माहीत आहे, म्हणून त्या रविवारचं सांगते.

मी चांगलं पातळ नेसून गेले. पहिला घास घेतला अन् तपासणीवाला आत आला. तो येणार हे घरात सगळ्यांले माहीत होतं, फक्त मले नाही. भाऊजी त्याले म्हणाले, की पहा साहेब, एकाच चुलीवरचं जेवून राहिलो. त्यानं माझा ताटासकट फोटो काढला. राधिकानं तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. सोमवारी मी बराच वेळ गॅस पेटवला नाही. कोणी हाक मारली नाही.

त्यानंतर नळ गेला. त्यांच्या टाक्या भरेपर्यंत धार बारीक होऊन जाते. बादलीचा तळ झाकेल एवढं मिळायचं, बाकीचं दुसऱ्या पाऱ्यातून, म्हणजे पलीकडच्या मोहल्ल्यातून, डोक्यावर आणत होते.

शेवटी स्वतः निगमच्या ऑफिसात गेले. तिथला बाबू म्हणाला, की दीदी, सारे चूल लपवून राहिले, तुम्ही काहून सांगायले आल्या? मी म्हटलं, बिल माझ्या नावानं काढा, पेन्शनीतून भरीन, पण पाणी द्या. घर फुटल्याचं त्याले काय? निगमची एक चूल वाढली. लगेच लिहून घेतलं त्यानं.

परवापासून नळ सुरू आहे. भाऊजी बोलत नाहीत. राधिका आळीत सांगून राहिली, की म्हातारीनं घर तोडलं.

दिवाळीले याल तेव्हा कोणाकडे उतरायचं ते आधीच ठरवून या. दोन्हीकडे जेवता येणार नाही आता. माझ्याकडे खाट एकच आहे, पण पाणी भरपूर आहे.

आपला जीव आहे तसाच राहावा.

तुमची
शेवंतावहिनी