ड्रायव्हर लेटेस्ट आहे

९ एप्रिल
गार्गी साइट बघायला कामठीला गेली आहे. बी.आर्क.चं शेवटचं वर्ष. विणकरांसाठी खाली माग, मध्ये गोडाऊन आणि वर त्यांची घरं, असा तीन मजली प्रोजेक्ट. २८ ला ज्युरी. म्हणजे बाहेरचे आर्किटेक्ट येणार आणि माझ्या पोरीची चिरफाड करणार. करून तर बघा म्हणावं.

तिचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. कोपऱ्यात पाटी आली: ग्राफिक्स ड्रायव्हरचा अपडेट तयार आहे. ही पोरं असले अपडेट महिनोन् महिने तुंबवून ठेवतात. मी टाकून दिला. हो, हो, मान्य, हो. वाचत बसलो नाही. स्क्रीन दोनदा काळी झाली, परत आली. फत्ते.

तिला सांगणार नाही. बापाने मदतीचे ढोल पिटू नयेत. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरचं प्लास्टिक मी काढलं होतं, हेही मी फारसं कोणाला सांगत नाही.

१० एप्रिल
लॅपटॉप बंद पडला. गार्गी वरच्या मजल्याचा जिना फिरवून बघत होती आणि धाडकन निळा पडदा. त्यावर वाकडं तोंड केलेलं एक चिन्ह. ती रडकुंडीला आली. मी म्हटलं, बाजूला हो, बाप बसलाय अजून.

निदान: ऊन. नागपुरात एप्रिलमध्ये धडधाकट माणूस बंद पडतो, तिथे लॅपटॉपचं काय घेऊन बसलात. ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. तो लेटेस्ट आहे.

संकल्प: दोन दिवसांत छडा लावायचा. आवाज न चढवता.

११ एप्रिल
सकाळपासून बंद, चालू, बंद. गार्गी कॉलेजला गेल्यावर लॅपटॉप घेऊन कूलरसमोर बसलो. यंदाच बदललेली खस, वारा थेट कीबोर्डवर. दहा मिनिटं उत्तम चालला. अरुंधती म्हणाली, अहो, शिंतोडे उडून राहिले त्याच्यावर. मी म्हटलं, थंडावा पाहिजे तर थोडी ओल चालवून घ्यावी लागते.

कीबोर्डची डावी बाजू मुकी झाली.

गच्चीवर नेऊन उन्हात वाळवला. वाळला म्हणजे काय, भाजला. टॉवेलात गुंडाळून खाली आणला. चालू केला तर तेच निळं. तेच वाकडं तोंड. माझ्याकडे बघून. दिली एक कानाखाली. आमचा जुना टीव्ही एका थपडेत सुधारायचा. हा कोडगा आहे.

गार्गीला सांगितलं, कीबोर्ड आतून गंजला असावा. ऑफिसातला जुना कीबोर्ड आणून जोडून दिला. थँक्यू बाबा, म्हणाली. गुणी आहे पोरगी.

१३ एप्रिल
जिन्यात सुशील भेटला. आमच्या वरच राहतो, विमा कंपनीत आहे आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. म्हणे, उन्मेषभाऊ, काहून रोज भांडून राहिले गा घरात? मी म्हटलं भांडत नाही, लॅपटॉप दुरुस्त करतोय. तर म्हणे नवीन काही टाकलं काय त्यात, ड्रायव्हर-गिव्हर? त्याच्या मशीनले पण हेच झालतं म्हणे. जुना ड्रायव्हर टाकला अन् निपटलं. मागे घेऊन टाका म्हणे.

मागे! मी आयुष्यात स्कूटरशिवाय काही मागे घेतलेलं नाही, तेही अरुंधती उतरून हात दाखवत असेल तर.

काही टाकलेलं नाही, असं सांगितलं. हे खोटं नाही. टाकला तो त्या लॅपटॉपने स्वतःच. मी फक्त हो म्हटलं.

१५ एप्रिल
गार्गीच्या मते फाइल जड झाली आहे. मागांच्या शेडभोवती तिने कडुलिंब लावले होते, आणि म्हणे प्रत्येक झाडाची पानन् पान कॉम्प्युटरला मोजावं लागतं. बाबा, तसं असू शकतं का? मी म्हटलं, असू शकतं. असू शकतं म्हणजे आहे, असं कुठे म्हटलं मी?

संध्याकाळपर्यंत तिने सगळी झाडं उपटली. अंगण बोडकं. तरीही बंद पडला.

मग मी बसलो. पुन्हा ते तोंड. माऊस फेकला. बाल्कनीचं दार उघडं आहे हे लक्षात आलं नाही. खाली आमचे सोसायटी सेक्रेटरी मधुकरराव कुंड्यांना पाणी घालत होते. ते माऊस शेपटीला धरून वर आले. कपाळावर टेंगूळ. मी म्हटलं, हातून निसटला. ते म्हणाले, निसटलेली वस्तू खाली पडते हो, गेटपर्यंत येत नाही. अरुंधतीने त्यांना बर्फ दिला, सरबत दिलं. मला काहीच दिलं नाही.

संकल्प: उद्यापासून प्राणायाम.

१७ एप्रिल
प्राणायाम केला. श्वास सोडतच होतो तेवढ्यात गार्गीच्या खोलीतून "गेला" असं ऐकू आलं. उठून टेबलाला लाथ घातली. टेबल सागाचं आहे. अंगठ्याचं नख काळं पडलं.

आज तिने वरचा मजला पाडला. विणकरांची घरं होती तिथे. मी मागे उभा राहून बघितलं. एक भिंत निवडायची, डिलीट. दुसरी निवडायची, डिलीट. खिडक्या, गॅलऱ्या, कपडे वाळत घालायच्या जागा. त्या जागांसाठी ती कामठीत घराघरांतून हिंडली होती, बायकांशी बोलली होती. म्हणाली, बाबा, आता ही माणसं राहतील कुठे? मी म्हटलं, अगं, नोकरी आणि घर लांब असलेलं बरं, मला बघ. तिला हसू आलं नाही. ओढणीने डोळे पुसले आणि जिना निवडला.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. सांगून टाकावं असंही वाटलं, पण सांगायला आधी काहीतरी असावं लागतं. ड्रायव्हर लेटेस्ट आहे.

१९ एप्रिल
सदर बाजारातल्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने झाकणसुद्धा न उघडता विचारलं, अंकल, कोई अपडेट मारा था क्या? मी म्हटलं, आधी मशीन बघा, मग माझी उलटतपासणी घ्या. तो हसला. मी लॅपटॉपकडे हात नेला, मध्ये त्याची कॉलर आली. आली ती आली, मी ती हलवली. थोडी जोरात हलवली. दोघांनी मला उचलून फुटपाथवर ठेवलं. लॅपटॉप नंतर आणून दिला. वागणूक इतकी वाईट असेल तर गिऱ्हाईक कसं टिकणार?

घरी सांगितलं, दुकान बंद होतं. गार्गीने शर्ट कसा फाटला विचारलं. गर्दी होती म्हटलं. बंद दुकानात कसली गर्दी, असं अरुंधतीने विचारलं. या बाईला नको तिथे तर्कशास्त्र सुचतं.

२१ एप्रिल
आज राग अजिबात नाही. ताट आपटलं ते पोळी गार होती म्हणून.

मधला मजला निम्मा पाडून झाला. गार्गी दोन दिवस नीट जेवलेली नाही. म्हणते, मलाच येत नाही बाबा, मी डिझाइनच चुकीचं केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली. लॅपटॉपला मी मनातल्या मनात वरवंट्याने ठेचलं. प्रत्यक्षात वरवंटा फक्त उचलून बघितला. अरुंधतीने तो काढून घेतला आणि कुठेतरी लपवला. चटणी मिक्सरमध्ये झाली.

२३ एप्रिल, संध्याकाळ
उजव्या हाताची बोटं सुजली आहेत. अक्षर वाकडं येतंय.

अरुंधतीने मला न विचारता सुशीलला बोलावलं. आला, लॅपटॉपसमोर माझ्याच खुर्चीत बसला. गार्गी पाणी आणायला आत गेली. सुशील म्हणाला, आजकालच्या पोराइले ड्रायव्हर कोठं समजते भाऊ, जुनापुराणाच असन यात, कोणी अपडेटच नसन केला.

जुनापुराणा. माझ्या घरात.

मी ओरडलो. जुना कोणाला म्हणतोस? नऊ तारखेला टाकलाय मी, या हाताने टाकलाय, पूर्ण मनीषनगरात याच्यापेक्षा लेटेस्ट ड्रायव्हर असेल तर दाखव! आणि दाखवायला तोच हात टेबलावर आपटला.

मागे गार्गी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिने विचारलं, नऊ तारखेला? मी कामठीला गेले होते तेव्हा?

मी म्हटलं, प्रश्न तारखेचा नाही.

सुशील म्हणाला, मंग पंधरा दिवस पोरीले काहून रडवून राहिले गा? एवढ्यावरून मी त्याला ढकललं. त्याने मला ढकललं. मी त्याचा कान धरला. त्याने माझी मान धरली. आम्ही कूलरवर गेलो, कूलर आमच्यावर आला. टाकीतलं सगळं पाणी हॉलभर. अरुंधती ओरडून राहिली होती, मेन स्विच, मेन स्विच! गार्गीने लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, आमच्यावरून पाय टाकून खोलीत गेली आणि कडी लावली.

आम्ही दोघं पाण्यात बसलो होतो. मी अजून त्याचा कान सोडला नव्हता.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. जुना ड्रायव्हर टाकला, म्हणाली. चालू आहे. एवढंच म्हणाली, आणि तेही आईला.

२५ एप्रिल
तीन तास चालवून बघितला, एकदाही बंद पडला नाही. मी नाही, गार्गीने. दाराच्या फटीतून दिसलं.

ती भांडेल म्हणून वाट बघतोय. मी तयारी केली आहे: हेतू चांगला होता, कंपन्या बेजबाबदार आहेत, ऊन फार आहे. पण ती भांडतच नाही. ओरडली असती, एखादी वस्तू फेकून मारली असती, तर मी उभा राहून खाल्ली असती. आमच्या घरात तशी पद्धत आहे. हे गप्प राहणं तिने कोणाकडून उचललं कळत नाही.

पेनड्राइव्हवर सोळा तारखेची फाइल होती, झाडं उपटल्यानंतरची. वरचा मजला परत आला म्हणे. अरुंधतीकडून कळलं.

२८ एप्रिल
ज्युरी. पालकांना यायला मुभा होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून सोफ्यावर बसलो. मॉडेल मोठं असल्यामुळे सुशीलच्या गाडीतून नेलं. पुढे सुशील, त्याच्या शेजारी गार्गी. मागे अरुंधती आणि मॉडेल. जागा उरली नाही. मॉडेल आडवं केलं असतं तर उरली असती.

पास झाली. घरं सगळ्यांना आवडली. एकाने विचारलं, नागपूरच्या उन्हात अंगणात एकही झाड कसं नाही? गार्गी म्हणाली, होती सर, मीच काढली, परत लावायला वेळ पुरला नाही. का काढली, ते तिने सांगितलं नाही. हेही अरुंधतीकडूनच कळलं. तिने माझं नाव वाचवलं, असा याचा अर्थ होतो. म्हणजे राग गेला असणार.

३० एप्रिल
राग गेला आहे की नाही, हे बघायची आज आपसूक संधी आली.

गार्गीचा फोन अडकला. पुण्याच्या कोणा फर्मचा मेल यायचा होता आणि स्क्रीन हलत नव्हती. ती खोलीतून बाहेर आली, अगं आई, हा बघ ना कसा करून राहिला, असं म्हणत. अरुंधती बाथरूममध्ये होती. हॉलमध्ये मी एकटाच. मी उठलो आणि हात पुढे केला.

तिने फोन पाठीमागे नेला. दोन्ही हातांनी धरून. एक पाऊल मागेही सरकली. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं बहुधा, म्हणाली, असू द्या बाबा, होईल आपोआप.

हात पुढे गेलाच होता, म्हणून मी पंख्याचं बटण दाबलं. पंखा सुरू होता, तो बंद झाला. परत लावला. ती तोवर जिना चढून वर सुशीलकडे गेली होती.