मोशीच्या घराची गच्ची मंजुषाच्या नावे

मी, रोहिदास आबाजी बोराटे, वय ६४, चाकणच्या सुटे भाग करणाऱ्या कंपनीतून ग्राइंडिंग ऑपरेटर म्हणून निवृत्त, राहणार मोशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या भावकीत नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही.

१. घर मी स्वकष्टाने बांधले. तळमजला व पहिला मजला मुलगा जयदीप याला.

२. बँकेतील ठेवी पत्नी मंजुषा हिला. यावर चर्चा नको.

३. दुर्बीण मुलगी साधना हिला. दुर्बिणीचा सहा इंची आरसा मी चौदा महिने, दर साप्ताहिक सुट्टीला, पिंपावर ठेवून त्याभोवती फिरत घासला आहे. तो फडक्याने पुसू नये. नळीचा पाइप कंपनीच्या भंगारातला असला तरी रीतसर गेटपासवर आणलेला आहे. हा नाद मला वडिलांमुळे लागला. रात्री कांद्याला पाणी देताना आमच्याकडे घड्याळ नव्हते. वडील ओरडायचे, "तिकांडं माथ्यावर आलं का बघ रं!" मृगातले ते तीन तारे डोक्यावर आले की मी पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचो. मी आठ वर्षांचा होतो. पाणी सोडल्यावरही वरच बघत राहायचो आणि वाफा फुटायचा. त्याबद्दल मार भरपूर खाल्ला, नाद गेला नाही.

४. धाकटे बंधू भैरू यांनी माझ्या गच्चीकडे तोंड करून हॅलोजन लावला आहे. अकरा वर्षे सांगतो आहे. त्या दिव्यावर बसवायला मी पत्र्याचे टोपण करून ठेवले आहे. ते त्यांना द्यावे व शक्य तर बसवूनही द्यावे.

५. गच्ची. जयदीपला तिथे कामगारांसाठी भाड्याच्या चार खोल्या काढायच्या आहेत. तो म्हणतो, "बाबा, आता वर दिसतंय काय? कंपन्यांच्या लाइटनी सगळं आभाळ पांढरं झालंय." खरे आहे. परवा मोजले, सदतीस तारे भरले. तरीही गच्ची मंजुषाची. तिच्या लेखी संमतीशिवाय तिथे एक वीटही लावू नये. याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे.

१९९५ च्या दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण होते. साधना पोटात, सातवा महिना. माझी आई कौशल्याबाई हिने मंजुषाला आतल्या खोलीत बसवले व खिडकीला घोंगडी लावली. "गिरान सुटंस्तवर चिरायचं न्हाई, शिवायचं न्हाई, पानी बी न्हाई." मंजुषा मला म्हणाली, "तुमी तर समदं वाचलंय. सांगा की आत्याबाईंना." मी म्हणालो, "आईचं ऐक. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न." आणि वेल्डिंगची काच घेऊन वर गेलो.

वर आळीतली पंधरा-वीस पोरे जमली होती. त्यांना मी सावलीचे गणित समजावले आणि ठणकावून सांगितले, ग्रहणाने कोणालाही काहीही होत नाही. माझा आवाज मोठा आहे. खाली तिला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

तेव्हापासून मंजुषा वाळवणापुरती गच्चीवर जाते. दुर्बिणीला तिने कधी डोळा लावला नाही. मीही आग्रह केला नाही, कारण मला लाज वाटत होती. आईला दोष देत नाही. तिला ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते.

६. माझ्या दहाव्याला ग्रहण आडवे आले तर विधी पुढे ढकलू नये. जेवणही गार करू नये.

७. वरील सर्व मंजुषाला वाचून दाखवले व हरकत असल्यास सांग म्हणालो. ती मेथी निवडत होती. तिचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवतो: "गच्ची नावावर करून काय करू मी? तवा निस्तं 'चल वर' म्हनला असता, तर हुते तशी आले असते."

तिचे म्हणणे बरोबर आहे. कलम पाच तरीही कायम.

खालील दोघांच्या समक्ष, वाचून व समजून सही केली.

ठिकाण: मोशी
दिनांक: २६ डिसेंबर २०२५

सही: रोहिदास आबाजी बोराटे

साक्षीदार:
१) अर्जुनराव बनकर, निवृत्त फिटर, मोशी
२) वर्षाली आल्हाट, शिक्षिका, मोशी