पाठवणीला वाजलेलं इंग्लिश गाणं

आबा,

रविवारी दुपारी इतक्या वर्षांनी तुम्हाला पाहिलं. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला गंध, गाल फुगलेले, क्लॅरोनेटवर बोटं नुसती पळतायत. आणि आवाज कुणाचा, तर सिनेमातल्या कुठल्याशा बाईचा! माझ्या लग्नाची कॅसेट बारामतीतल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून घेतली आणि आनंदानं टीव्हीला लावली, तर ही गत. त्या वेळचे शूटिंगवाले मेले सगळे एका माळेचे मणी. खरा आवाज पुसायचा आणि वर सिनेमातली गाणी टाकायची. तेव्हा आम्हालाही ते फार भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण रविवारी मला त्या माणसाला शोधून काढून दोन शब्द ऐकवावेसे वाटले. मला तुमचं ते वाजवणं ऐकायचं होतं, आबा. बाकी मंडप, जेवणावळी, आहेर, काही नको होतं. फक्त तेवढं.

हे सगळं सुरू झालं तुमच्या नातीमुळं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. कॉलेजात आहे, कानात सदा काहीतरी खुपसलेलं. मला फोन दाखवून म्हणाली, "आई, हे बघ, तुझ्या काळातलं काहीतरी." बघते तर तेच चौघं, इंग्लंडचे गाणारे, ज्यांची कॅसेट मी लग्नाआधी ऐकायची. केस पिकलेत, एकाचे तर उरलेच नाहीत, पण गाणं तेच. आणि समोर हजारो माणसं, इंग्लंडची नव्हेत, कुठल्या कुठल्या मुलखातली, ज्यांना इंग्रजीतली धड दोन वाक्यंही बोलता येणार नाहीत अशी, डोळे मिटून शब्द न् शब्द म्हणतायत. मी स्वयंपाकघरात भाजी परतत होते. उलथनं हातात धरून तशीच गुणगुणायला लागले. पोरगी बघतच राहिली. "तुला कसं येतं गं हे?" म्हटलं, "तुझ्या आजोबांनी दिलंय." तिचा काही विश्वास बसेना. निमगाव केतकीच्या बँडवाल्या आजोबांनी इंग्लिश रॉक? तिला हसूच आवरेना.

खरं तर तुम्हीही ते हसतच दिलं होतंत. लग्नसराई तोंडावर आली की तुम्ही बारामतीला जाऊन नव्या सिनेमांच्या कॅसेट आणायचा, बँडला गाणी बसवायला. आपल्या घरातला टेपरेकॉर्डर करमणुकीसाठी नव्हता, तो तुमचं अवजार होता. आई त्याला दसऱ्याला झेंडूही वाहायची. त्या खेपेला दुकानदारानं एक न खपलेली इंग्लिश कॅसेट तुमच्या पिशवीत फुकट टाकली. तुम्ही ती लावलीत, थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलंत आणि म्हणालात, "आपल्या कामाचं न्हाय. वरच्या भोकावर कागद चिकटव, म्हंजी हे पुसून आपली तालीम भरू हिच्यात." मी कागद आणायला उठले आणि उठता उठता ते गाणं लागलं. मी म्हटलं, "आबा, ही मला द्या ना, पुसू नका." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "घे. पर अभ्यासाचं नुकसान झालं तर चुलीत घालीन."

मला त्यात काय सापडलं होतं, हे तेव्हा सांगता आलं नसतं. इंग्रजीत मी काठावर पास होणारी. त्या गाण्यातलं मला काहीच कळत नव्हतं. आता वाटतं, तेच बरं होतं. आपल्याकडचं कुठलंही गाणं लावा, कुणीतरी मला काहीतरी सांगतंच आहे: लाज, थांब, वाट बघ, सासरी नांद. तुमच्या बँडवर तर दिवसभर तेच. ह्या गाण्यात मला कुणी काही सांगत नव्हतं. एक माणूस जीव तोडून ओरडत होता, आणि तो कशासाठी ओरडतोय हे ठरवायची मुभा मला होती. वेष्टनावर त्यांचा फोटो होता. विटांच्या भिंतीपुढं चार हडकुळी पोरं, मागं एक धुराडं. मला वाटायचं, असतील आपल्या भवानीनगरसारख्या कारखान्याच्या गावातलीच, संध्याकाळी काही उद्योग नाही म्हणून वाजवत बसणारी. त्यांच्या गावाला मी कधी जाणार नव्हते, तेही मला कधी बघणार नव्हते. तरी दुपारी आई झोपली की आवाज बारीक करून मी त्यांच्यात जाऊन बसायची.

एकदा आवाज बारीक करायला विसरले. ओसरीवर तुमची तालीम चाललेली, दहा माणसं घामाघूम, उद्या इंदापूरला मोठी वरात. तुम्ही तडक आत आलात. "ही काय थेरं लावलीत? आमी हितं पोटापाण्याचं बसवतूय आन् तुमी गोऱ्यांना घेऊन बसलाय!" मी रडकुंडीला आले. तुम्ही बटण बंद करायला हात पुढं केलात आणि तसेच थांबलात. मधल्या भागात गिटार एकटीच वाजते, तिथं. तो भाग संपेपर्यंत तुम्ही उभे होता. मग म्हणालात, "गळा बसलाय गड्याचा. पर ढोलवाला मातूर घाई करत न्हाय." आणि बाहेर जाऊन तुम्ही आपल्या ढोलवाल्याला त्यावरून झापलंत. तो बिचारा म्हणाला असेल, ह्यांना अचानक झालं काय.

माझं लग्न ठरलं आणि त्या गडबडीत ती कॅसेट गायब झाली. मी घर डोक्यावर घेतलं. धाकट्या भावाला तर चोरच ठरवलं, त्यानं देवाची शपथ घेतली तरी ऐकेना. तुम्ही कोपऱ्यात तंबाखू मळत होता. चार दिवसांनी कॅसेट कपाटात होती तिथं परत आली. आणि एका सकाळी, मी मेंदीचं सामान काढत असताना, तुम्ही उगाच घुटमळत विचारलंत, "त्या इंग्लिश गाण्यात काय वंगाळ तर न्हाय ना? म्हंजी मरणबिरण, तसलं?" बँडमास्तरला हे बघावंच लागतं, कुठं काय वाजवावं याला काही रीत आहे. मला तो प्रश्न विचित्र वाटला, पण कामाच्या नादात म्हटलं, "न्हाय ओ आबा, चांगलंच असंल." आता नेटवर अर्थ वाचला. दोघं भांडून कायमची वेगळी झालीत आणि तो तिच्या घराबाहेर उभा राहून रडतोय! लेकीच्या पाठवणीला काय वाजवलंत तुम्ही, आबा! वाचून मी आधी खूप हसले. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

त्या दिवशी तुम्ही वाजवायचं नव्हतं. मुलीच्या बापानं आल्यागेल्याचं बघायचं, बँड तुमचा असला तरी पुढं दुसरा मास्तर. लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळं दिसतं. मी गाडीत बसलेय, मान खाली. चुलतसासरे घाई करतायत, पुढं उसाच्या गाड्या लागल्या तर बारामती गाठायला अंधार होईल म्हणून. तुम्ही गर्दीतनं पुढं येता आणि वाजवणाऱ्या पोराच्या हातातनं क्लॅरोनेट घेता. पोरगीला म्हटलं, टीव्हीचा आवाज बंद कर आणि फोनवर मूळ गाणं लाव, आजोबांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं की लगेच. तिनं लावलं. पहिल्या दोन ओळी काय सुरेख जुळल्या! मग गाणं पुढं पळालं आणि तुमची बोटं मागं राहिली. तुम्ही ते संथ केलं होतंत. कुठं किती लांबवलंत, काय कळणार बोटांवरून? गाडी हलली, फाट्याला वळली, दिसेनाशी झाली. फोनवरचं गाणं संपलं. माणसं मंडपात परतली, कुणी खुर्च्या गोळा करायला लागलं, आई पायरीवर बसली. तुमच्यामागं एकटा ढोलवाला उरला होता. आणि तुम्ही रस्त्याकडं तोंड करून वाजवताच आहात. पोरगी म्हणाली, "आई, आजोबा थांबत का नाहीत?" शेवटी तुम्ही क्लॅरोनेट खाली घेतलंत, फेट्याच्या टोकानं तोंड पुसलंत, आणि तिथं शूटिंगवाल्यानं कॅमेरा बंद केला.

मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हाची गोष्ट. आईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "तुझं ते इंग्लिश गाणं वाजवलं ह्यांनी. चार दिवस बँडच्या दुकानात दार लावून बसवत होतं." मी चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही बशी हातात धरून, माझ्याकडं न बघता विचारलंत, "आलं का गं ऐकू?" मी म्हटलं, "व्हय आबा, सगळं ऐकलं." तुम्ही बशीत बघून हसलात. "मधी जरा चुकलं." मी म्हटलं, "कळलंसुदिक न्हाय." हे पत्र कुठं पोचायचं नाही म्हणूनच लिहिते. धुळीनं शालू खराब होईल म्हणून सासूबाईंनी गाडीच्या काचा आधीच वर करायला लावल्या होत्या, आणि आत ड्रायव्हरची टेप मोठ्यानं चालू होती. मला एक सूरही ऐकू आला नव्हता, आबा. तुमचं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं, आणि एकदा हो म्हटल्यावर परत वाजवा कसं म्हणायचं? मग तुमचे पुढचे दात गेले, क्लॅरोनेट खुंटीला लागलं, आणि त्याच्या पुढच्या थंडीत तुम्हीच गेलात. त्या दिवशी मी नुसतं "नाही आलं ऐकू" म्हटलं असतं, तर तुम्ही बशी खाली ठेवून तिथंच वाजवलं असतंत.