जानेवारीतला रोहू

बाबा, काल तलावावर चार तास बसले आणि एकदाही गळाचं बूच हललं नाही. धुकं इतकं की वल्ह्याचं दुसरं टोक दिसेना. काठावरचा नाववाला ओरडून सांगत होता, "मैडम, ठंड में मछली नीचे बैठ जाती है, मुँह ही नहीं खोलती. घर जाइए, चाय पीजिए." मला वाटलं, ह्याचं कुणी गिऱ्हाईक येणार असेल, त्याला ही जागा हवी, म्हणून मला हाकलतोय. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. भाजीवाल्याने चार मिरच्या जास्त टाकल्या तर मी आधी पिशवी उलटी करून टोमॅटो तपासते. पण माणूस खरं बोलत होता. थंडीत गोड्या पाण्यातला रोहू गळाला लागायला नशीबच लागतं, हे मला आता तीन हिवाळे बसून कळलंय. आणि तिथेच, पाय लांब करून पाण्यावर डुलत असताना, मला तुमचा तो जानेवारीतला दोन किलोचा रोहू आठवला. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनात भांडले खूप, लिहिलं कधी नाही. आज गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये हीटर लावून बसलेय आणि लिहितेय.

निवृत्त झाल्यावर मुलाने मला एक पिवळी कयाक घेऊन दिली. एका माणसाची चिंचोळी होडी, मधे बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. मला आधी वाटलं, आई घरात नको म्हणून ही युक्ती. सून म्हणाली, "आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, आजोबांची अशी होडी होती?" म्हणाले असेन. तुमची होडी बांबूच्या चौकटीवर ताडपत्री ताणून, वर हिरवा ऑइलपेंट देऊन केलेली. यमुनेकाठी ओखल्याला एका मल्लाहाच्या, म्हणजे नावाड्याच्या, झोपडीमागे तुम्ही ती दोन महिने खपून बांधलीत आणि तिथेच ठेवलीत. तिला कयाक म्हणतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही साठीनंतर कळलं. आई तिला "तुमचं ते शेंगेचं टरफल" म्हणायची. शनिवारी संध्याकाळी तुम्ही कणीक, भाजलेलं बेसन, बडीशेप आणि चिमूटभर हिंग एकत्र मळून माशांसाठी गोळ्या करायचात, आणि आई म्हणायची, "माणसांसाठी कधी परातीत हात घातला नाही, माशांचे लाड बघा." पण तिला ते आवडायचं. वेंगुर्ल्याकडची बाई, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडलेली, नवरा केंद्र सरकारच्या पाण्याच्या खात्यात कारकून. दर रविवारी तिच्या ओट्यावर नवऱ्याने स्वतः धरलेला मासा येतो हे ती अख्ख्या कॉलनीला ऐकवायची. तिचे वडील घरी मासा आणायचे तसा तिचा नवराही आणतो, दिल्लीत असला म्हणून काय झालं!

मासा मात्र ती तपासल्याशिवाय घ्यायची नाही. कल्ला उचलून बघायची, पोट दाबायची, वास घ्यायची. खाडीकाठच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात ती काही बोलायची नाही. पावसाळ्यात नदी गढूळ लाल वाहायची, मल्लाहसुद्धा जाळी वाळत घालून विड्या ओढत बसायचे, तरी तुम्ही रिकाम्या हाताने आला नाहीत. तेव्हा ती कल्ला उचलून एवढंच म्हणाली, "हा बर्फावर निजलेला दिसतो." तुम्ही हसलात आणि आंघोळीला गेलात. दिवाळीनंतर पाणी निवळलं, तुम्ही खुशीत होतात, उन्हाने नाक सोलून यायचं. मग थंडी पडली आणि धुक्यात बससुद्धा चालेनात, तरी मासे मोठेच. मी तेरा वर्षांची होते. मला ह्यातलं काही खटकलं नाही. खटकायला आईने शिकवलं.

त्या जानेवारीतल्या रविवारी तुमच्या हातून चूक झाली. दर वेळी मासा अख्खा यायचा, त्या दिवशी कापून आला. आईने कागद सोडला आणि तिचा हात थांबला. आपल्याकडे रोहू असला तरी आडव्या गोल तुकड्या करतात. हे तुकडे बंगाली पद्धतीने पाठीचे वेगळे, पोटाचे वेगळे होते, आणि डोकं मधोमध चिरलेलं.

"हे कुणी कापलं?"

"तिकडे एक बाई आहे. तिने कापून दिलं. म्हटलं, तुला थंडीत पाण्यात हात घालायला नको."

"बंगाली दिसते बाई."

"असेल. मला काय माहीत?"

"हात बंगाली आहे. नेहमी कापून देते का?"

"अगं, आजच दिलं. काय हे, चौकशी कमिशन बसवलंस का?"

तुम्ही हसून वेळ मारून नेलीत. बाबा, काय गरज होती त्या बाईची? मल्लाह म्हणायचं, कुणी म्हातारा म्हणायचं! एका वाक्यात तुम्ही नसलेली बाई उभी केलीत, आणि आईने तिला साडी नेसवली, कुंकू लावलं, ओखल्याला खोली घेऊन दिली. संध्याकाळपर्यंत तिचं वय ठरलं होतं. आई त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय.

त्यानंतर आई मला जवळ बसवायला लागली. आधी मी मधे बोलले की "तुला काय कळतंय, अभ्यास कर" असं व्हायचं. आता ती मला अर्धा कप चहा द्यायची, दार लोटून घ्यायची आणि विचारायची, "शर्टाला वास कसला येतो गं? बघ बरं." मी वास घ्यायची. हिंगाचा यायचा. पण मी म्हणायची, "कळत नाही, वेगळाच आहे." आई मान हलवायची. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आयएनए मार्केटमधून नारळ आणि कोकम घेऊन ये. आणि येताना मासळीवाल्यांच्या बाजूने ये. सहज." सहज! दिल्लीतली सगळी मराठी घरं कोकमासाठी तिथेच जायची, कुणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं.

आणि तुम्ही तिथे उभे होतात. पायांना नदीचा चिखल, खांद्याला रॉडची पिशवी, आणि बंगाली मासळीवाल्याला सांगताय, "भैया, आज काटना मत, साबुत देना." माझी आधी खात्री पटली की ती बाई आसपासच असणार. मी गल्लीत दोन्हीकडे बघितलं. बाई नव्हती. तुम्ही वळलात, मला पाहिलंत, आणि तुमचा चेहरा असा उतरला की मलाच पळून जावंसं वाटलं. मग तुम्ही मला बाहेरच्या पायऱ्यांवर नेलंत, पुडीभर गरम भाजक्या शेंगा घेतल्यात. मला ती पायरी अजून दिसते. तुम्ही शेंगा सोलून माझ्या हातावर दाणे ठेवताय आणि माझ्याकडे न बघता बोलताय.

"नदीतला मासा खाण्यासारखा राहिला नाही, बेटा. वरून नाले सोडलेत. ऑफिसात पाणी तपासल्याचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. मी धरतो आणि सोडून देतो."

"मग आईला का नाही सांगत?"

"ती कॉलनीभर सांगेल. कागद बाहेर फुटला तर नोकरीवर येईल. आणि तिला किती कौतुक आहे बघतेस ना? चांगला मासा तिला मिळतोय, मग कुठला का असेना. तू बोलू नकोस. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हटलं. घरी आले, नारळ ठेवला, आणि आई काही विचारायच्या आत म्हटलं, "बाबा मासा विकत घेतात. आयएनएमधून."

आईने गॅस बंद केला. "आणि ती?"

"मला नाही दिसली."

खोटं काय बोलले मी? एक अक्षर नाही. पण कसं बोलले ते मला ठाऊक आहे. खाली बघून, थोडं थांबून बोलले. जो माणूस सकाळी पाचला मासे धरायला जातो आणि दुपारी बाजारातून मासा घेऊन येतो, तो मधले सात तास कुठे असतो, हे आईला मग मी सांगायची गरजच नव्हती. त्या दिवशीचा रोहू तिने कामवालीला देऊन टाकला. पुढच्या रविवारी पिठलं केलं आणि म्हणाली, "ह्या घरात आता मासा शिजायचा नाही." तुम्ही एकदा तिच्याकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही होळीच्या आधी होडी मल्लाहाला देऊन टाकलीत आणि रविवारी घरी बसायला लागलात. पेपर वाचायचात, तोच परत वाचायचात. तिने तुम्हाला जेवायला वाढलं, आजारपण काढलं, पण पंचवीस वर्षांत "ऐका ना" म्हणून हाक मारली नाही.

मी पुढे मुनिरक्यात खोली घेऊन शिकले, नोकरी केली, लग्न केलं. कुणी विचारलं तर सांगायची, वडिलांनी आम्हाला फसवलं. आणि स्वतःलाही हेच पढवलं की नाल्यांची गोष्ट तुम्ही पायरीवर बसून रचलीत. पाणी वाईट होतं तर जायचंच कशाला? मासा खायचा नाही आणि धरायचा, ह्याला काय अर्थ आहे? वकिलासारखी मी मनातल्या मनात तुमची उलटतपासणी घेतली, आणि तिथे तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात, त्यामुळे दर वेळी जिंकले.

आता माझ्याकडे कयाक आहे. मार्चमध्ये पाणी कोमट व्हायला लागलं की रोहू वर येतात, गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बोटावर ठेवली तर त्यांचं नुसतं चाखून बघणंही कळतं. मे महिन्यात तलाव आटतो, पहाटे दोन तास काय ते, मग ऊन डोक्यात जातं. पावसाळ्यात मी जात नाही, ते दिवस त्यांच्या अंडी घालण्याचे. ऑक्टोबर मात्र काय वर्णू! गेल्या ऑक्टोबरमध्ये एक कटला मासा लागला, माझी होडी त्याने वीस हात ओढत नेली. मी मोठ्याने हसत होते, एकटीच. मग गळ काढला आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं, दम येऊन तो आपण होऊन निघून जाईपर्यंत. घरी मासा नेत नाही मी. ह्या पाण्याचाही मला भरवसा नाही. सून विचारते, "मग तुम्ही जाता कशाला?" मला उत्तर देता येत नाही. तुम्हालाही आलं नसतं. त्यात काही लपवलेलं नव्हतं, एवढं मला आता कळतं.

तरी माझा संशयी जीव! मी ओखल्याला जाऊन आले. पुलावरून बघितलं, पाण्यावर पांढरा फेस, साबणाच्या टबासारखा, आणि नाक धरावं असा वास. तिथेही मनात आलंच, हा फेस आत्ताचा, तुमच्या वेळी होता कशावरून? शेजारी एक म्हातारा बगळ्यांकडे बघत उभा होता. त्याला विचारलं, "ये कब से ऐसा है?" तो म्हणाला, "हमारे बचपन में भी यहाँ की मछली घरवाले खाने नहीं देते थे." त्याच्यावर मात्र मी शंका घेतली नाही. रिक्षात बसून रडले.

आई शेवटी माझ्याकडेच होती, हे तुम्हाला माहीत नाही. जायच्या आधी आठवडाभर तिला सारखं तेच. "खरं सांग, ती बाई कोण होती?" मी म्हटलं, "आई, कुणी नव्हती गं. नदी घाण होती म्हणून बाबा मासा विकत आणायचे. मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं." ती म्हणाली, "आता तू त्यांची बाजू घेतेस? तेव्हा नाही बोललीस ती!" आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला पटलं नाही. मीच तिला पटवून ठेवलं होतं, आता कसं पटणार?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? कपाटात राहील. म्हणून एक लिहून टाकते, जे मी आईलाही सांगितलं नाही. बाबा, मला तुमचं त्याच पायरीवर पटलं होतं. एक क्षणही शंका आली नव्हती. पण आई मला चहा देत होती, दार लोटून माझ्याशी बोलत होती, आणि सगळं सांगितलं असतं तर ते संपलं असतं. एवढंच कारण. ज्या दिवशी तुम्ही होडी देऊन आलात, त्या संध्याकाळी तुम्ही मला अंगणात विचारलंत, "आईला सगळं सांगितलंस का? नाल्यांचं, कागदांचं?" मी हो म्हटलं. तुम्ही विचारलंत, "तरीही?" मी म्हटलं, "तरीही." तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि आत गेलात. त्यानंतर तुम्ही आईला कधीच काही सांगायला गेला नाहीत, कारण तुमच्या लेखी सांगायचं काही उरलंच नव्हतं.