मे महिन्यातला कोरडा शर्ट

असल्फा, घाटकोपर (प.)
२ मे २०२३

ती. स्व. नाना यांना,
श्रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही स्पीकर लावता आणि सासूसुनेच्या गोष्टी अख्ख्या वाडीला कळतात. म्हणून हे पत्र. आईंना वाचून दाखवू नका, आणि आमच्या मानसीच्या हाती तर मुळीच लागू देऊ नका. नऊ वर्षांची झाली आहे, जोडाक्षरंसुद्धा सोडत नाही. तिला माझा निरोप द्या की दिवसाला दोनच आंबे. गळवं आली तर मी सुट्टी टाकून येणार नाही.

आता मुद्द्याचं. नाना, तुमचा मुलगा रोज संध्याकाळी आंघोळ करून घरी येतो.

हसू नका. माझं लॅबचं काउंटर सुटलं की दहा मिनिटं चालून मी घरी येते, तर पाठीला ड्रेस चिकटलेला असतो. आणि हा दिवसभर पवईच्या टॉवरांमध्ये एसी दुरुस्त करून आठ वाजता येतो तो कोरडा, भांग पाडलेला, चंदनाच्या साबणाचा घमघमाट सुटलेला. आपल्याकडे कडुलिंबाचा साबण आहे. मी विचारलं, तर म्हणाला की कस्टमरकडे एसी असतो ना, घाम कशाला येईल. अहो, बंद पडलेला एसी दुरुस्त करणाऱ्याला गार हवा कुठली? मग एक दिवस सकाळी त्याच्या कंपनीच्या शर्टाला मी काळ्या दोऱ्याने बटण लावून दिलं. संध्याकाळी अंगात तसाच निळा शर्ट, पण काळा दोरा नाही.

तरीही मी गप्प बसले असते. पण गेल्या गुरुवारी दुपारी तीनला मी त्याला फोन केला, तो एका बाईने उचलला. अगदी शांतपणे म्हणाली की ते आंघोळ करतायत, आले की सांगते. मागे म्हैस ओरडल्यासारखं वाटलं, पण तेव्हा माझे कानच वाजत होते. घरी आल्यावर हा बोलला नाही, मी विचारलं नाही. पाच दिवस झाले. त्याच्या ताटात भाजी वाढतानासुद्धा मी त्याच्या तोंडाकडे बघत असते.

माझ्या आईला सांगितलं तर उद्या सगळं बदलापूर गोळा होईल. तुम्ही त्याचे वडील, पण माझी बाजू ऐकून घ्याल असं वाटतं. चुकत असेन तर खुशाल कान धरा.

तुमची माया माझ्यावर आहे तशीच राहू द्या.
श्रुतिका

*

आचरा
९ मे २०२३

चि. सौ. श्रुतिका हिला,
नानाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र माडाखाली बसून वाचलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. रुक्मिणीने विचारलं, कोणाचा? मी म्हटलं, पेन्शनवाल्यांचा. तिचा विश्वास बसलेला नाही. दोन दिवस माझ्या शर्टाकडे बघते आहे. म्हणजे तुझ्या घरातला संशय पोस्टाने इथे पण पोचला बघ.

बाय, मी तेहतीस वर्षं गिरणीत साच्यावर काढली. सूत तुटू नये म्हणून आत वाफ सोडायचे. सुटताना आमचा प्रत्येकाचा शर्ट पिळला तर तांब्याभर पाणी निघालं असतं. तसेच घरी जायचो. आमच्या खात्यात एक जॉबर, म्हणजे मुकादम, होता, तो तेवढा रोज आंघोळ करून जाई. पुढे कळलं की त्याला दुसरं बिऱ्हाड होतं. खोटं कशाला सांगू, तुझं पत्र वाचून मला आधी तोच आठवला. मग वाटलं, दारू असेल. दारूचा वास मारायलाच लोक साबण आणि अत्तर लावतात.

पण मग ती म्हैस. माझे कान गेले, तुझे नाही. म्हैस ओरडली असं तुला वाटलं असेल तर ती ओरडलीच असणार. दारूच्या गुत्त्यावर म्हैस कशाला येईल? मुंबईत म्हशी खंय? आरेत. आणि आरेच्या तबेल्यावर आपल्या खालच्या वाडीतला नंदू कामाला आहे. तुमच्या लग्नात वाढायला होता, उंच, तोतरा. त्याचं लग्न झालंय. बायकोला मी पाहिलेलं नाही.

निलेशला काही विचारू नकोस. विचारलेला माणूस उत्तर तयार करतो. तू जाऊन बघ. मीही त्याला वेगळं कार्ड टाकतो आहे. त्यात तुझं नाव नाही, एवढंच विचारतो की तुझं काय चाललं आहे ते बापाला कळव.

मानसी दोन आंबे खाते. ते दोन केवढे असावेत हे तू लिहिलं नव्हतंस.

धीर सोडू नको आणि आम्हाला परकं मानू नको.
नाना

*

घाटकोपर
१५ मे २०२३

ती. स्व. नाना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची म्हैस खरी निघाली.

शनिवारी लॅबमध्ये अर्धा दिवस टाकला. निघताना लिपस्टिक लावली. का, ते विचारू नका. ती बाई कशी असेल ते माहीत नव्हतं, आणि तिच्यापुढे घामट चेहऱ्याने उभं राहायचं नव्हतं. दोन बस बदलून आरेत उतरले तेव्हा लिपस्टिक हनुवटीपर्यंत आली होती. झाडी आहे, पण वारा नाही. नंदूचा तबेला विचारत विचारत गेले. मागच्या बाजूला चाळीसारख्या खोल्या, आणि एका खोलीपुढच्या दोरीवर आपले तीन निळे शर्ट वाळत होते. एकाला काळ्या दोऱ्याचं बटण.

नाना, मी जवळ जाऊन ते बटण ओढून बघितलं.

बाई बाहेर आली. सुलक्षणा, नंदूची बायको. चाळिशीची, हाताला कोपरापर्यंत शेण, कारण ती गोवऱ्या थापत होती. मला बघून म्हणाली की तुम्ही श्रुतिका ना, बरं झालं आलात, मीच नंदूच्या मागे लागले होते तुम्हाला निरोप द्यायला. मी भांडायची सगळी वाक्यं पाठ करून गेले होते. एकही कामी आलं नाही.

तिने सांगितलं ते असं. महिन्याभरापूर्वी निलेश नंदूकडे आला आणि म्हणाला की दुपारी मला इथल्या नळावर आंघोळ करू देशील का. तेव्हापासून रोज दोनदा येतो, दुपारी आणि घरी जायच्या आधी. पत्र्याच्या आडोशात अर्धा अर्धा तास घासत बसतो. साबण तिचाच, कारण पहिल्या दिवशी तो साबण आणायला विसरला आणि मग तोच लागू पडला असं त्याला वाटलं. काखेत कातडी निघाली आहे. एकदा तर त्याने भांडी घासायची तारेची घासणी मागितली, तिने दिली नाही. आणि बाहेर आला की तिच्यापुढे उभा राहून विचारतो, वहिनी, खरं सांगा, वास येतो का?

ती म्हणाली की मी जन्मभर म्हशींमध्ये, मला काय कळणार? म्हणून दर वेळी नाही म्हणते. त्याला ते पटत नाही, पण तेवढ्यावर तो परत कामाला जातो.

का, ते तिलाही ठाऊक नाही. त्याने सांगितलं नाही.

तिने चहा दिला. मी प्यायले आणि निघून आले. निलेशला अजून काही बोललेले नाही. दुसरी बाई नाही म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. माझा नवरा एका परक्या बाईला रोज विचारतो की माझा वास येतो का. मला विचारत नाही. मी कुठे मेले होते?

कार्डाला त्याने उत्तर दिलं तर मला कळवा. तुमच्याशिवाय हे बोलायला मला दुसरं कोणी नाही.
श्रुतिका

*

घाटकोपर
१८ मे २०२३

ती. नाना,
सा. न.

दहावीनंतर पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचं कार्ड मिळालं. कोणी काही कळवलं असेल असा मला डाऊट आहे, पण विचारत नाही.

पवईत एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर काम होतं, ७ एप्रिलला. आउटडोअर युनिट खिडकीबाहेर असतं. पट्टा बांधून बाहेर बसायचं, डोक्यावर ऊन, आणि बाजूचं युनिट तोंडावर गरम हवा फेकतं. दीड तास लागला. आत आलो तेव्हा त्या मॅडमनी ओढणी नाकाला लावली. मी सही मागायला पुढे झालो, त्या दोन पावलं मागे सरकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरने, सुयोगने, मोबाईलवरची कम्प्लेंट चौदा जणांपुढे वाचली. काम चांगलं, माणसाच्या अंगाला असह्य वास, परत पाठवू नये. नाव घेतलं नाही, बिल्डिंग सांगितली. सगळे हसले, मीसुद्धा हसलो. मग त्याने सगळ्यांना एकेक स्प्रे वाटला. माझ्या हातात देताना म्हणाला की तुला दोन देतो.

आठवड्याने दुसरी आली. तीन झाल्या की आठ दिवस आयडी बंद, म्हणजे काम बंद.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, नाना. लिफ्टमध्ये कोणी पंखा लावला तर वाटतं माझ्यामुळे. सिग्नलला बाजूच्या बाईकवाल्याने रुमाल बांधला तर वाटतं माझ्यामुळे. नंदूकडे जाऊन आंघोळ करतो. मीटिंगला आमच्यातला सिद्धेश माझ्या बाजूला बसायचा, आता नवीन पोराच्या बाजूला बसतो. त्याला विचारायची हिंमत नाही.

आणि श्रुतिकाने त्याच आठवड्यात अंथरूण खिडकीखाली नेलं. पंधरा वर्षं माझ्या बाजूला झोपणारी बायको. ती काही बोलली नाही, मला कळलं ते कळलं. हल्ली ती जेवताना माझ्याकडे टक लावून बघते. तिलाही येत असणार, चांगली आहे म्हणून बोलत नाही. तिने एकदा हो म्हटलं तर मी घरी कुठल्या तोंडाने येऊ? म्हणून विचारत नाही.

तुम्ही गिरणीतून यायचात तेव्हा मी तुमच्या अंगावर उडी मारायचो. तेव्हा मला कसला वास आल्याचं आठवत नाही.

हे कोणाला सांगू नका. आईला नमस्कार, मानसीला पापा.
आपला,
निलेश

*

आचरा
२४ मे २०२३

चि. श्रुतिका,
आशीर्वाद.

सोबत निलेशचं पत्र. कोणाला सांगू नका असं त्याने लिहिलं आहे. मी सांगत नाही, तू वाच. जन्मात पहिल्यांदा मुलाचा शब्द मोडतो आहे. त्याला राग आला तर तो माझ्यावर ढकल, मी इथे लांब आहे.

रुक्मिणीला सगळं सांगून टाकलं. तिने शर्टातून तुझं पत्र काढलंच होतं.

संभाळ त्याला, आणि स्वतःलाही.
नाना

*

घाटकोपर
५ जून २०२३

ती. स्व. नाना व ती. स्व. आई,
दोघांना शि. सा. न. वि. वि.

पाकीट लॅबच्या पत्त्यावर पाठवलंत ते चांगलं केलंत. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. अंथरुणाच्या ओळीपाशी आले आणि पुढे वाचवेना. नाना, मी खिडकीखाली गेले ते वाऱ्यासाठी! आपला पंखा मधोमध आहे आणि माझ्या बाजूला नुसती भिंत. त्याला मी तेव्हा म्हटलंही होतं की तूही सरक. त्याने ऐकलं नसेल. आणि टक लावून मी बघत होते ते त्या बाईपायी. महिनाभर दोघं एका ताटावर बसून एकमेकांवर पाळत ठेवत होतो.

त्या दिवशी तो आठला आला, चंदनाचा. मी पत्र त्याच्यापुढे ठेवलं. आधी तुमच्यावर भडकला की बापावरही भरवसा ठेवायची सोय नाही. मग मी आरेला गेले होते हे सांगितलं, तेव्हा माझ्यावर भडकला. मग स्टुलावर बसला. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला की आता तूच सांग, पण खरं सांग.

सुलक्षणाने त्याला रोज नाही म्हटलं होतं, नाना, आणि एकदाही त्याला ते खरं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, येतो. कामावरून आलास की येतो, मे महिन्यात जास्त येतो, लग्नाच्या पहिल्या वर्षीही यायचा. माझाही येतो. आंघोळ केलीस की जातो. आणि आत्ता तुझा येत नाहीये, तुझी नुसती कातडी निघाली आहे, शर्ट काढ, मलम लावते. मलम लावताना तो लहान मुलासारखा रडला. मीही रडले, पण हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आधी सिद्धेशला विचारलं. सिद्धेश म्हणाला की माझ्याच दोन कम्प्लेंट आहेत, तुला वास येऊ नये म्हणून मी लांब बसतो. मग एकेकाने तोंड उघडलं. चौदातले नऊ! सगळे लपवत होते आणि आपलं नाव बाकीच्यांना कळलं असेल म्हणून एकमेकांवर संशय घेत होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये निलेश उभा राहिला. स्प्रे परत दिले आणि सुयोगकडे सर्व्हिस सेंटरच्या बाथरूमची किल्ली मागितली. सुयोग म्हणाला की तिथे गॅसचे सिलिंडर ठेवले आहेत. या सगळ्यांनी ते स्वतः उचलून गोडाऊनमध्ये लावले. आता दुपारी दोन तास नळाला पाणी असतं. दोन कॉलच्या मध्ये आंघोळीपुरता वेळ मागितला, त्यावर मात्र बघू म्हणाला. बघणार नाही असा माझा अंदाज आहे.

तिसरी कम्प्लेंट आलीच. येत्या बुधवारपासून आठ दिवस आयडी बंद. म्हणून गुरुवारी आम्ही दोघं मानसीला न्यायला येतो आहोत. आई, चार दिवस राहू, आणि त्याच्याशी हा विषय तुम्ही आपणहून काढू नका. तो अजून लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभा राहतो. ते एवढ्यात जाणार नाही.

काल तो कामावरून थेट घरी आला, आरेला न जाता. शर्ट पाठीला चिकटलेला, केसांत एसीच्या जाळीची धूळ, दारातच थांबला. आत येऊ की नको असं तोंड. मी कणीक मळत होते. म्हटलं, वाट लागली आहे तुझी, असा पलंगावर बसू नकोस, आधी मोरीत जा. तो गेला. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा आतून ओरडला की अगं, टॉवेल दे.

सात आठवड्यांनी माझ्याकडे टॉवेल मागितला त्याने. पिठाच्या हातानेच नेऊन दिला.

बाकी भेटीत बोलू. आमच्यावरची माया उतू जाऊ द्या, कमी पडू देऊ नका.
तुमची,
श्रुतिका