प्लासिडच्या माडावरून मी पडलोच नव्हतो

वसई, खाडीकडची आळी
गुरुवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय मेहुणे कल्पेशराव यांस,

बळीराम भावजींचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (वयाने तू बारा वर्षांनी लहान, म्हणून आशीर्वाद, बायकोचा भाऊ, म्हणून नमस्कार. त्यातलं आवडेल ते ठेव, उरलेलं तुझ्या बायकोला, दिपिकाला दे.) आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. तुझी ताई दिवसातून चार वेळा माझ्यावर ओरडते, त्यावरून तिची तब्येत उत्तम असावी. माझा डावा पायसुद्धा ठीक आहे. आयुष्यभर लोकांच्या भिंतींना प्लास्टर करत आलो, आता माझ्यातच सळई घालून वरून प्लास्टर झालं, आणि खोटं कशाला बोलू, डॉक्टरांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. तुमच्याकडे पनवेलला सगळं क्षेम असेल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण तू फोन उचलत नाहीस. त्या साइटवर रेंज नसेल असं मी धरून चाललोय (चौदा महिने रेंज नाही अशी साइट मी ऐकली नव्हती, पण पनवेलकडे काहीही असू शकतं), म्हणून हे पत्र.

तर मोठी बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे ती शेवटच्या पानावर जाईल. अरे, परवा ठाण्याला कामगार न्यायालयात आपली तारीख झाली आणि पापडीच्या प्लासिडने ठेकेदाराच्या वकिलाची अशी काही बोलती बंद केली की मला बाकावर उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! (उभं राहायला दोन मिनिटं लागतात, तोवर शिपायाने डोळे वटारले.) प्लासिड म्हणजे तोच, केळीच्या वाडीवाला, ज्याच्या विहिरीचा कठडा मी एका रविवारी बांधून दिला होता. आता तू विचारशील, पडलो मी इमारतीवरून, मग त्यात वाडीवाल्याचं काय काम? तीच तर गंमत आहे, आणि ती सगळी माझ्या तोंडाने केलेली आहे.

पडण्याबद्दल मी लिहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या बाजूचं प्लास्टर चाललं होतं, परांचीवर आपण दोघंच होतो, बांबू सुटला तो माझ्या पायाखालचा. ते तू पाहिलंस, आणि मी पाहिलं ते फक्त आभाळ. पण पुढचं तुला माहीत नाही, कारण मला ठेकेदार जितेंद्रशेठने आपल्या गाडीत घातलं आणि तुला साइटवरच थांबवलं. शेठ स्वतः गाडी चालवत होता. बारा वर्षं त्याच्याकडे ठेक्यावर काम केलं, पण त्याच्या गाडीत पहिल्यांदा बसलो (आडवा होतो, तरी बसलो असंच म्हणायचं). एसी लावलेला होता. त्या थंडाव्यात तो मला इतक्या प्रेमाने समजावत होता: बळीराम, साइटचं नाव घेतलंस तर पोलीस येणार, काम बंद पडणार, पन्नास माणसांच्या पोटावर पाय येणार. तू घरी पडलास म्हण, बाकी सगळा खर्च माझ्यावर सोड. मला वाटलं, माणूस काय दिलदार आहे! दुखण्याने जीव चालला होता आणि तरी मी त्यालाच धीर देत होतो की शेठ, काळजी करू नका.

दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, कसे पडलात? म्हटलं, घरी. म्हणाल्या, घरी कुठून? आता आपलं घर तू बघितलंयस. बैठं घर, दाराला एक पायरी, तीसुद्धा मीच बांधलेली आणि तिच्यावरून आजवर मांजरही पडलेलं नाही. पाय मात्र तीन ठिकाणी मोडलेला. काहीतरी उंच सांगायला हवं होतं. आणि कल्पेश, आपल्या वसईत माणूस उंचावरून पडला म्हणजे कशावरून पडतो? माझ्या तोंडून निघून गेलं, माडावरून! बाईंनी मान वर न करता विचारलं, कुठल्या? तिथे तरी गप्प बसावं की नाही? पण मला अर्धवट उत्तर द्यायची सवय नाही. म्हटलं, पापडीला, प्लासिडच्या वाडीतल्या. बाईंनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, तारीख आणि वेळ टाकून.

शेठने दोन दिवसांचं बिल भरलं. तिसऱ्या दिवशी त्याच्याही फोनची रेंज गेली.

चौथ्या दिवशी प्लासिड आला. हातात वेलची केळ्यांचा अख्खा फणा होता, पण तो द्यायचं नाव नाही. मांडीवर घेऊन बसला आणि उलटतपासणी सुरू केली. पापडीत सगळीकडे झालं होतं की बळीराम प्लासिडच्या माडावर नारळ चोरायला चढला आणि पडला. "मेल्या, मागितलं असतंस तर दिले नसते काय मी?" हे तो तीनदा बोलला, आणि तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चोरीपेक्षा न मागण्याचं त्याला जास्त लागलं होतं. मग मी खरं काय ते सांगितलं. केळी मिळाली, पण शिव्याही मिळाल्या, आणि दोन्ही गोष्टी वॉर्डातल्या सगळ्यांना पुरल्या.

तुझी ताई तिथेच उभी होती. तिलाही मी तोवर माडाचंच सांगितलं होतं. (तिने विश्वास ठेवला नव्हता, फक्त मी कधी कबूल करतो याची वाट बघत होती.) ती एवढंच म्हणाली, "पाय तुमचा मोडला, आनि तुमी कातडी त्याची वाचवताय?" आणि दुसऱ्या दिवशी तुळिंजला जाऊन वकील शोधून आली. वसुंधरा मॅडम. ऑफिस पिठाच्या चक्कीच्या वरच्या माळ्यावर, त्यामुळे सगळ्या फायलींवर पांढरी पूड असते, आणि मला तर तिथे एकदम साइटवर गेल्यासारखं वाटतं.

आणि कल्पेश, काय काय सांगितलं रे त्या बाईने! मी हे आधी कोणाकडून ऐकलंच नव्हतं. कामावर असताना, कामामुळे लागलं तर भरपाई हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. नेमणुकीचं पत्र नसलं तरी चालतं, रोजावर असलो तरी चालतं. ठेकेदाराने हात वर केले तर ज्याची इमारत त्या बिल्डरकडेही मागता येते. अर्ज मात्र दोन वर्षांच्या आत टाकायचा. हे मला इतकं आवडलं की मी भेटेल त्याला सांगत सुटलो. दूधवाल्याला सांगितलं, पायाचा व्यायाम घेणाऱ्या मुलीला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला पायरीवर बसवून अर्धा तास सांगितलं (त्याने घाईत आकडा चुकवला, बिल वाढून आलं, त्याचं खापर माझ्यावर फुटलं). तुझी ताई म्हणते, हे पाय घेऊन गेले होते आनि तोंड घेऊन आले. पण मी म्हणतो, बारा वर्षं परांचीवर काढली आणि जमिनीवर काय मिळतं हे कोणी सांगितलं नाही, मग आता बोलायला नको?

सरकारी डॉक्टरांनी पाय तपासून दाखला दिला, कायमचं अपंगत्व चाळीस टक्के. शाळेत मी पस्तीसच्या वर कधी गेलो नव्हतो, म्हणून आधी मला हसूच आलं. मग घरी आल्यावर लक्षात आलं की आता मी परांचीवर चढणार नाही. कधीच नाही. त्या रात्री जेवलो नाही. हे तुलाच सांगतोय, ताईला मी पोट बिघडलं म्हणून सांगितलंय.

असो. अर्ज टाकला, आणि जितेंद्रशेठचं उत्तर आलं. मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा मला चक्कीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. या माणसाला आम्ही ओळखत नाही, आणि केसपेपरवर स्पष्ट लिहिलंय की हा पापडीला श्री. प्लासिड यांच्या माडावरून पडला. तेव्हा भरपाई मागायची असेल तर त्याने श्री. प्लासिड यांच्याकडे मागावी! अरे, प्लासिडला हे कळलं तेव्हा तो जेवत होता. तसाच उठून, हात धुवून, माझ्याकडे आला. मला वाटलं आता काठीच घालतो. पण तो म्हणाला, मला फक्त तारीख सांग.

ओळखत नाही याचा निकाल तर मॅडमनी एका फोटोत लावला. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला तेव्हाची पूजा आठवते? सगळ्यात जुना मिस्त्री म्हणून शेठने माझ्या कपाळाला टिळा लावला, हातात नारळ दिला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. तोच फोटो त्याने स्वतः इंटरनेटवर आपल्या धंद्याच्या पानावर टाकला होता, 'आमचा जुना माणूस' असं लिहून. तो कागद पुढे आला तसा शेठ पंखे मोजायला लागला (एकच होता).

मग प्लासिड उभा राहिला. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो तो इस्त्रीचा शर्ट, खिशात मोजायची टेप, हातात फोटोंची पिशवी. शेठच्या वकिलाने विचारलं, तुमच्या वाडीत माड आहेत की नाहीत? आहेत म्हणाला, अकरा. मग त्यावरून माणूस पडू शकतो की नाही? तेव्हा प्लासिडने पिशवीतून फोटो काढला. जावयाच्या नव्या गाडीच्या काचेवर नारळ पडला त्या वर्षीच, माझ्या पडण्याच्या कितीतरी आधी, त्याने उंच माड काढून टाकले होते आणि सगळे सिंगापुरी लावले होते, बुटक्या जातीचे. फोटोत त्याची बायको इझाबेल (तिची उंची तुला ठाऊक आहे) जमिनीवर उभी राहून हाताने नारळ तोडतेय. प्लासिड शांतपणे म्हणाला, "साहेब, या माडावरून पडायचं तर माणसाला आधी खाली बसावं लागेल." न्यायाधीश साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. शेठचा वकील कागद चाळत बसला आणि माड हा विषय तिथेच संपला.

येताना मी, तुझी ताई आणि प्लासिड अशा तिघांनी स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. प्लासिडने पैसे देऊ दिले नाहीत. मला इतकं बरं वाटत होतं की कुबडी वडापाववाल्याकडेच विसरलो आणि वीस पावलं तसाच चाललो. मग आठवलं आणि पडता पडता वाचलो. तर अशी आनंदाची बातमी. सौ. दिपिकास आशीर्वाद, तिच्या आईवडिलांना नमस्कार.

तुझा,
बळीराम भावजी

ता. क. ताई तुझ्यावर रागावलेली नाही. भाऊबीजेला तू आला नाहीस तेव्हा तिने पाटाला ओवाळलं आणि करंज्या शेजारी वाटल्या. त्या बिघडल्या होत्या, त्यामुळे तुझं फार नुकसान झालं नाही.

दुसरा ता. क. वर 'बोलती बंद केली' असं लिहिलंय ते जरा जास्त झालं. बोलती अर्धा तासच बंद होती. नंतर शेठच्या वकिलाने नवीनच सूर लावला: बरं, माणूस आमचाच, पडलाही आमच्याच परांचीवरून. पण आम्ही दोघांनाही सुरक्षेचे पट्टे दिले होते, आणि बळीरामने आपला पट्टा स्वतःच्या हाताने सोडला. मुद्दाम सोडला असं ठरलं तर हातातली भरपाई जाऊ शकते, असं मॅडम म्हणतात. पट्टा दोघांत एकच होता हे कोणीतरी पाहिलेलं सांगायला हवं. परांचीवर आपण दोघंच होतो. पुढची तारीख सोळा, सोमवार, सकाळी साडेदहा.

तिसरा ता. क. हा ताईला न दाखवता लिहितोय. तुझ्या लग्नाला तेव्हा महिनाच झाला होता, आणि वर चढल्यावर तुझे पाय थरथरत होते, म्हणून माझ्या कमरेचा पट्टा सोडून मी तुझ्या कमरेला बांधला. तू नको म्हणत होतास. मला ते चौदा महिन्यांत एकदाही खटकलं नाही आणि आजही तसंच करीन, तेव्हा त्यासाठी फोन चुकवत असशील तर तो वेडेपणा आहे. शेठकडे तुझी रोजी आहे, हे मी जाणतो. साक्ष दिलीस म्हणून काढलं तर त्यालाही कायद्यात वाट आहे असं मॅडम म्हणाल्या. ती किती लांबची, हे मी विचारलं नाही. तुला समन्स काढायचं नाही असं मी त्यांना बजावलंय. बायकोच्या भावाला मी कोर्टाच्या कागदाने बोलावणार नाही. आलास तर ये. नाही आलास तर सोळा तारखेला मला शपथेवर विचारतील, पट्टा तुम्ही स्वतःच सोडलात का? एकदा माडाचं खोटं बोलून बघितलंय, पुन्हा जमणार नाही. मी हो म्हणेन, कारण सोडला मीच.