नऊशे ग्रॅम मोहरी

॥ श्री ॥
वायोमिंग,
१४ जून २०२५

ती. ताईस,
विश्वासचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, याचा राग धरू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही. तुला सिंगापूरला नुसता माझा श्वास ऐकू जातो, आणि मग तू रडतेस. त्यापेक्षा कागद बरा. रोहन गेल्याला सोळा महिने झाले. पोरगा गेल्यावर सुलेखा नाशिकला आईकडे गेली ती तिथेच आहे, आणि तिला परत ये म्हणण्याचा धीर मला होत नाही. या घरात परत येण्यासारखं आहे तरी काय?

पत्राचं कारण वेगळं आहे. काल सरकारी सोडतीचा निकाल आला. इथे सांबरापेक्षा थोराड असं एल्क नावाचं हरीण असतं. आमच्या डोंगरातल्या नराच्या शिकारीचा परवाना चिठ्ठ्या टाकून देतात. मी आणि रोहन आठ वर्षं दोघांच्या नावाने अर्ज करत होतो, एकदाही नंबर लागला नाही. यंदा एकट्याच्या नावाने केला आणि लागला. पाकीट उघडून मी मोठ्याने हसलो, ताई. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

ऑक्टोबरात वीस दिवस मिळतील. खांद्याच्या ऑपरेशनपासून रायफलचा धक्का मला सोसत नाही, म्हणून रोहननेच मला लांब नळीचं, वर दुर्बीण बसवलेलं रिव्हॉल्व्हर शिकवलं होतं. पण गेल्या वर्षीपासून हात कापतात. अक्षरावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. असल्या हातांनी गोळी झाडली तर जनावर मरणार नाही, पोटात गोळी घेऊन चार दिवस झुडपात पडून राहील. रोहनचा नियम होता, एका गोळीत होणार नसेल तर हात खाली. हे एकदा त्याच्या नियमाने पार पाडायचं आहे, बाकी काही उरलेलं नाही.

तेव्हा भावोजींना विचार. रिव्हॉल्व्हर टेकवायला एखादं स्टँड हवं आहे, पाठीवर घेऊन डोंगर चढता येईल असं. इथे दुकानात तीस प्रकार आहेत आणि मी त्यांच्यासमोर उभा राहतो आणि परत येतो. मला साधी चहाची भुकटीसुद्धा निवडता येत नाही हल्ली.

तुझी माया आहे, ती अशीच असू दे.
तुझा,
विश्वास


॥ श्री ॥
बिशान, सिंगापूर,
१ जुलै २०२५

चि. विश्वास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं अक्षरच बघत बसले. शाळेत तुझी वही वर्गात फिरवायचे रे, आणि आता ओळ कागदावरून घसरत खाली चालली आहे. डॉक्टरकडे गेलास का, हे तू लिहिलेलं नाहीस. म्हणजे गेला नाहीस.

आधी मनातलं विचारते, कारण विचारल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तू एकटा, ते रिकामं घर आणि ते रिव्हॉल्व्हर. तुझ्या मनात दुसरं काही नाही ना? मला सरळ लिही. आईची शपथ घालून विचारते आहे.

तुला शिकार करायची आहे हे मला कळत नाही. लहानपणी न्हाणीघरात झुरळ दिसलं की तू माझ्या नावाने हाका मारायचास. पण रोहनचं राहिलेलं काही पुरं करायचं आहे, एवढं कळतं, आणि तेवढं पुरे. तुझ्या भावोजींना पत्र वाचून दाखवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस आमचा फ्रिज, शेजाऱ्यांचा पंखा आणि नातीचं, क्षिप्राचं दप्तर यांचे तुलनात्मक तक्ते करतो. त्यांनी त्याच संध्याकाळी वही काढली. इथे पिस्तुलाचं नाव काढायचीही चोरी, आणि हे निघाले त्याचा टेकू शोधायला.

जप. आमचा जीव तुझ्यात अडकला आहे, हे विसरू नकोस.
तुझी,
ताई


॥ श्री ॥
बिशान,
२२ जुलै २०२५

चि. विश्वासराव यांस पद्माकरचे आशीर्वाद.

हुकमाप्रमाणे काम केले, अहवाल पाठवत आहे. उगाच भरकटू नये म्हणून तीनच प्रकार तपासले: आडव्या काठ्यांची जोडी, नळीलाच बसणारे दोन पाय आणि घडीची तिपाई. दोन पायांचे जमिनीवर पालथे पडल्याशिवाय जमत नाही. तुमच्या डोंगरात गवत कमरेएवढे असेल तर समोर फक्त गवत दिसेल. ते बाद.

उरलेल्या दोहोंची चाचणी घेतली. तुमच्या ताईच्या हेअर ड्रायरला दीड किलो तुरीची डाळ बांधली, कारण तुमच्या यंत्राचे वजन मी तेवढे धरले आहे, आणि वर ऑफिसात भाषणे देताना वापरायचो ते लाल दिव्याचे पेन चिकटवले. तळमजल्यावरच्या मिस्टर टॅन यांचे हात तुमच्यासारखेच कापतात. त्यांना कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसवून समोरच्या भिंतीवर नेम धरायला सांगितले. मोकळ्या हाताने लाल ठिपका ताटाएवढा फिरला. काठ्यांवर वाटीएवढा. तिपाईवर लिंबाएवढा. कोपरे गुडघ्यांवर टेकवली आणि पाठ भिंतीला लावली, तेव्हा सुपारीएवढा. मिस्टर टॅन इतके खूश झाले की ड्रायर सोडेनात. आपले हात शेवटचे केव्हा स्थिर पाहिले ते आठवत नाही, असे म्हणाले. क्षिप्रा मात्र, आजोबा, सगळे बघताहेत लाह, असे इथल्या पोरांच्या बोलीत म्हणून लिफ्टमध्ये पळाली.

तेव्हा तिपाईच घ्यावी. कार्बनची, बसल्या उंचीची, किलोच्या आतली. मॉडेलचे नाव सोबतच्या तक्त्यात लाल शाईने अधोरेखित केले आहे. झाडाला पाठ लावून बसा. कोपरे विसरू नका.

विश्वास, मला तुमच्या बहिणीसारखे लिहिता येत नाही. रोहनला मी सायकल शिकवली होती, खालच्याच मैदानात. एवढेच.

आहे तो लोभ जपावा.
आपला,
पद्माकर


॥ श्री ॥
वायोमिंग,
९ ऑगस्ट २०२५

ती. ताई व ती. भावोजी यांस सा. नमस्कार.

ताई, आधी तुझं उत्तर. नाही, तसलं काही मनात नाही. मरायलाही काहीतरी ठरवावं लागतं, आणि माझ्याने काहीच ठरवलं जात नाही. हे वाचून तुला बरं वाटेल की नाही, कोण जाणे, पण खरं आहे. डॉक्टरकडे गेलो होतो. हे बरं होणारं नाही, वाढणारं आहे. पुढच्या वर्षी तिपाईही पुरणार नाही.

भावोजी, तिपाई आली. उंची अगदी बरोबर आहे. मिस्टर टॅनना माझा नमस्कार सांगा. एकच अडचण उरली आहे. वरचा चिमटा धातूचा आहे आणि कडक वस्तूवर टेकवलं की रिव्हॉल्व्हर उडतं, गोळी वर जाते. खाली मऊ काहीतरी हवं, दाबलं की पकडीचा आकार घेणारं आणि तसंच राहणारं. वाळूच्या पिशव्या जड होतात. प्लॅस्टिकच्या मण्यांची पिशवी घेऊन पाहिली, ती हाताखालून निसटते. शिवाय रिव्हॉल्व्हरचं चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. बार उडाला की तिच्यातून जाळ कडेला सुटतो आणि खालचं कापड चिरून टाकतो. म्हणजे पिशवी कसलीही असो, टिकणार एका बारापुरतीच. मला एकच हवा आहे, तेव्हा ती तक्रार नाही.

सराव करतो आहे. रोहनच्या खोलीच्या भिंतीवर ठिपका काढला आहे आणि रिकामं रिव्हॉल्व्हर तिपाईवर ठेवून तासन् तास त्याच्याकडे बघत बसतो. हेच माझं दिवसाचं काम.

विसरू नका मला.
विश्वास


॥ श्री ॥
बिशान,
२७ ऑगस्ट २०२५

चि. विश्वास यास अनेक आशीर्वाद.

इथे चिन्यांचा सातवा महिना सुरू झाला आहे. खाली पत्र्याच्या पिंपात लोक कागदी शर्ट, कागदी फोन, कागदी बूट जाळतात, गेलेल्यांना पोचावेत म्हणून. काल मिस्टर टॅन बायकोसाठी कागदी चष्मा जाळत होते. मी गॅलरीतून बघत होते आणि मला हेवा वाटला रे. आपल्याला रोहनला काही पाठवायचं झालं, तर कुठे पाठवायचं?

तुझं पत्र वाचून आईची ट्रंक उघडली. दाबलं की आकार घेणारं आणि तसंच राहणारं, असं तू लिहिलंस आणि माझ्या डोळ्यांपुढे तीच आली. रोहन जन्मला तेव्हा तुम्ही इथेच सिंगापूरला, बुओना व्हिस्टाला राहत होता आणि आई मुद्दाम पुण्याहून आली होती. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून तिने आपल्या अबोली पातळाची मोहरीची उशी शिवली. डॉक्टर सुलेखाला म्हणाल्या, असलं काही वापरू नका. तरी आई दुपारी हळूच ती मांडीवर घ्यायची आणि रोहनला त्यावर निजवायची. तुम्ही अमेरिकेला गेलात तेव्हा ती मागे राहिली, आणि मीही कधी टाकली नाही. मोहरी तीच आहे, सव्वीस वर्षांपूर्वीची. हात ठेवून पाहिला, अजून अलगद खळगा पडतो.

ती पाठवते आहे. जळेल म्हणतोस, तर जळू दे. इथे लोक जाळूनच पाठवतात ना? तुझे हात तिच्यावर टेकलेले असतील, एवढं मला पुरे. पार्सल तुझ्या भावोजींनी स्वतः बांधलं आणि फॉर्म त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात स्वतः भरला.

हात जप, पोटाला खा.
तुझी,
ताई


॥ श्री ॥
वायोमिंग,
२० सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. नमस्कार.

पार्सल पोचलं. उशीचा अभ्रा मिळाला. मोहरी मिळाली नाही.

विमानतळावर तपासणीत पेटी उघडली. परदेशी बियाणं म्हणून मोहरी काढून घेतली आणि जाळून नष्ट केली, असा छापील कागद आत आहे. अभ्रा मात्र एका बाजूने नीट उसवून, घडी घालून, वेगळ्या पिशवीत घालून पाठवला. माणूस चांगला असावा, त्याचा काही दोष नाही. फॉर्मची प्रतही होती. त्यावर भावोजींनी लिहिलं आहे: बाळाची उशी, एक नग, आतील माल, मोहरी, न भाजलेली, उगवण्यास योग्य असू शकेल, नऊशे ग्रॅम.

रागावलो नाही. भावोजींना काही बोलू नकोस. मी अभ्रा नाकाशी धरला. थोडा वास आहे अजून, पण तो मोहरीचा, आईचा की ट्रंकेतल्या कापराचा, ते सांगता येत नाही.

अजून काय लिहू?
विश्वास


॥ श्री ॥
बिशान,
३ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वास,

नुसते ‘उशी’ लिहिले असते तर गेली असती. काउंटरवरच्या मुलीने सुचवलेही होते की अंकल, पिलो एवढे लिहा, बस. मी तिला सांगितले की मी चाळीस वर्षे लोकांच्या अर्धवट नोंदी पकडल्या आहेत, मी अर्धवट लिहिणार नाही. उगवण्यास योग्य असू शकेल, हे तर मला कोणी विचारलेही नव्हते.

विनीता माझ्याशी बोलते. जेवायला वाढते. पण ट्रंक तिने पलंगाखाली पार आत ढकलून ठेवली आहे.

मला क्षमा करता आली तर करा. मागण्याची सवय नाही, म्हणून कशी मागावी ते नीट कळत नाही.

पद्माकर


॥ श्री ॥
वायोमिंग,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

ती. ताई व ती. भावोजी यांस शि. सा. नमस्कार.

ताई, आज तू पाटासमोर चंद्राला ओवाळलं असशील. अक्षर लागणार नाही, तेव्हा भावोजींचं भिंग घे.

मी अभ्रा भरला. डेन्व्हरच्या भारतीय दुकानात सात तास गाडी हाकत गेलो आणि मोहरी आणली. घरी तोलून बरोबर नऊशे ग्रॅम भरली आणि उसवलेली बाजू शिवली. सुईत दोरा ओवायलाच सकाळ गेली. शनिवारी चढलो. झाडाला पाठ लावून बसलो, तिपाई उघडली, वर उशी ठेवली, कोपरं गुडघ्यांवर. दुपारी चारच्या सुमारास तो खालच्या ओढ्यातून वर आला आणि साठेक पावलांवर आडवा उभा राहिला. दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यामागे गेली आणि तिथेच थांबली. ताई, माझे हात थांबले होते. वर्षभरात पहिल्यांदा. मी शेजारी बघितलं, रोहनला दाखवायला.

मग चाप ओढला. तो चार पावलं चालला आणि खाली बसला, आणि मग मान टाकली. एकाच गोळीत. रोहनच्या नियमाने झालं.

मला वाटत होतं की त्यानंतर काहीतरी वाटेल. हलकं वाटेल, निदान रडू येईल. काहीच वाटलं नाही. खाली बघितलं तर जाळाने अभ्रा मधोमध चिरला होता आणि मोहरी उतारावरून वाहत होती, गवतात, पाइनच्या सुयांमध्ये, माझ्या बुटांत. मी रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवलं आणि गुडघ्यांवर बसून वेचायला लागलो. हात पुन्हा कापायला लागले होते. चिमटीत तीन दाणे आले की दोन पडायचे. ती मोहरी रोहनची नव्हती, दुकानातली होती, दोन आठवड्यांपूर्वीची. हे मला वेचताना पक्कं ठाऊक होतं. तरी थांबता येईना. एल्क समोर पडला होता आणि मी त्याच्याकडे गेलोच नाही. बार ऐकून शेजारचा माणूस दोन डोंगर ओलांडून आला, तेव्हा त्याने मला तसं पाहिलं. काय हरवलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मोहरी. त्याने टोपी काढून ठेवली आणि तोही वेचू लागला.

पुढचं सगळं त्यानेच केलं. मांस गावात वाटून टाकलं, मी घेतलं नाही. रिव्हॉल्व्हर त्यालाच देऊन टाकलं आहे, तेव्हा ती काळजी सोड. वेचलेली मोहरी मूठभर भरली. ओवाळणी म्हणून तुला पाठवणार होतो, पण फॉर्मवर काय लिहायचं ते सुचेना. डबीत ठेवली आहे. येऊन घेऊन जा, जमलं तर. मला इथून हलवत नाही.

तुम्हा दोघांचा,
विश्वास

ता. क. भावोजींना सांग, तिपाई उत्तम निघाली. अजिबात हलली नाही.